शेक, करंट आणि त्याच्या पुढचं : फिजिओथेरपीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सांधेजोड (धागाकर्ता)

हाडाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फिजिओ, १० सिटिंग' लिहून दिलं की कोल्हापुरातला पेशंट केबिनबाहेर येऊन पहिलं काय विचारतो, तर "म्हणजे शेक घ्यायचा न्हवं?" हा धागा त्या प्रश्नासाठी आहे. शेक, करंट, लाईट ही यंत्रं दुखणं तासा-दोन तासांपुरतं खाली आणतात. तेवढ्या वेळात व्यायाम उरकायचा असतो, त्यासाठी ती असतात. यंत्र लावून, पावती खिशात घालून थेट घरी गेलात तर दुखणं संध्याकाळी परत येतं आणि नाव फिजिओचं खराब होतं.

पहिल्या दिवशी पाऊण तास हाताशी ठेवा. सुरुवातीचा वेळ नुसत्या विचारपुशीत जातो : कधीपासून दुखतं, कशानं वाढतं, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं, रात्री झोपेतून जाग येते का, काम काय करता. कामाचा प्रश्न गप्पांसाठी नसतो. हुपरीत दिवसभर मांडी घालून चांदीवर वाकलेला कारागीर, शिरोलीच्या फाउंड्रीत साचे उचलणारा कामगार आणि पहाटे उकिडवं बसून दोन म्हशींच्या धारा काढणारी बाई, तिघांच्या चिठ्ठीवर 'कंबरदुखी' असंच लिहिलेलं असतं. व्यायाम मात्र तिघांचे वेगळे.

मग मोजमाप. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक. त्यानं सांधा किती अंशात वळतो ते बघतात. स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये लिहितात. ३ म्हणजे पाय स्वतःच्या वजनानिशी पूर्ण उचलता येतो, पण वरून जरा दाबलं की खाली येतो. दुखण्याला ० ते १० मधला आकडा तुम्ही स्वतः द्यायचा. हे आकडे कागदावर आले पाहिजेत आणि दर चार-पाच सिटिंगनंतर पुन्हा मोजले गेले पाहिजेत. पहिल्या दिवशी कुणी काहीच न मोजता थेट यंत्र लावलं, तर "आधी तपासता का?" असं विचारायला लाजू नका.

सोबत काय न्यायचं : एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नको), ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि चालू गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करणारी गोळी, स्टेरॉइड, शुगरची औषधं, पेसमेकर, अंगातली प्लेट किंवा रॉड, गर्भारपण, पूर्वी झालेला कॅन्सर, हे कुणी विचारायची वाट न बघता सांगा. यातल्या काही गोष्टींवर कुठलं यंत्र लावायचं आणि कुठलं नाही ते ठरतं.

कपडे : गुडघ्यासाठी हाफ पँट, खांद्यासाठी बंडी किंवा बिनबाह्यांचं काही. बायकांना महिला फिजिओ मागता येते, पडदा ओढायला सांगता येतं, घरचं कुणी आत बसवता येतं. संकोचामुळे साडीवरूनच गुडघा चाचपून घेतला तर ती तपासणी अर्धीच होते. शुगर असेल तर उपाशी पोटी येऊ नका.

आणि माणूस कोण आहे ते बघा. बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आहे, इंटर्नशिप त्यातच येते. महाराष्ट्रात व्यवसाय करायला राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी लागते. सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी भिंतीवर असतं. नसेल तर नंबर विचारा.

---

पेठेतला_स्टॉपर

उत्तम धागा. पण करंटनं नेमकं होतं काय? आमच्याकडं लोक म्हणतात "जोरात लावा, पैसे दिल्यात."

---

दोन_पॅड

जोरात लावून फायदा वाढत नाही, कातडी भाजण्याचा धोका तेवढा वाढतो.

करंट म्हणजे बहुतेक वेळा आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी). साधारण ४००० हर्ट्झचे, एकमेकांपेक्षा किंचित वेगळे दोन प्रवाह शरीरात एकमेकांना छेदतात आणि त्यांच्यातल्या फरकाचे ठोके आत जाणवतात. चार पॅड लावतात ते त्यासाठी. मुंग्या भरपूर याव्यात, पण टोचता कामा नये. एका कोपऱ्यात टाचणी टोचल्यासारखं वाटलं तर बहुधा स्पंज सुकलेला असतो किंवा पॅड अर्धवट उचललेला असतो. प्रवाह तेवढ्याच जागेत एकवटतो आणि चट्टा पडतो. सहन करत पडून राहू नका, हाक मारा.

अल्ट्रासाउंड : जेल लावून यंत्राचं डोकं सतत फिरवत राहायचं. १ मेगाहर्ट्झ खोलवर जातं, ३ मेगाहर्ट्झ वरवरच्या भागासाठी. ५ ते ८ मिनिटं पुरतात. डोकं एका जागी थांबलं की हाडावर आतून चटका लागतो. यात ऊब फारशी जाणवत नाही म्हणून "मशीन बंद आहे" असं पेशंटला वाटतं. तसं नसतं.

डायथर्मी, म्हणजे आतून ऊब देणारं यंत्र, ज्याला जुने लोक लाईट म्हणतात : अंगात धातू, पेसमेकर किंवा गर्भ असेल तर नाही. चेन, घड्याळ, श्रवणयंत्र, मोबाईल बाजूला ठेवायचं. घामानं ओला झालेला कपडाही काढायचा, कारण पाणी तापतं.

शुगर जुनी असेल तर शेकण्याआधी गार आणि कोमट वस्तू लावून त्वचेला फरक कळतो का ते बघितलंच पाहिजे. पायाला कळत नसेल तर तिथं शेक नाहीच. भाजलेलं त्याला कळणारच नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसेल.

घरच्या रबरी पिशवीचं : दोन-तृतीयांश भरायची, तोंडाशी दाबून हवा काढायची, टॉवेलात गुंडाळायची, १५ मिनिटं. पिशवीवर झोपायचं नाही. झोप लागते आणि भाजतं. ताज्या मुरगळीला पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, कापडात बांधलेला बर्फ १० ते १५ मिनिटं.

---

कसबा_बावडा_७

गुडघा बदलून घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात काय चुकतं? आमच्या गल्लीत या वर्षी तीन ऑपरेशनं झाली, तिघींच्या घरात तीन वेगळे सल्ले.

---

सांधेजोड

सगळ्यात मोठी चूक प्रेमानं होते. सून किंवा लेक गुडघ्याखाली उशी सारते. उशीवर गुडघा किंचित वाकलेला राहतो, दुखणं कमी वाटतं, म्हणून रात्रभर तसाच. आठवड्याभरात गुडघ्यामागचं आवरण त्या वाकलेल्या जागी आखडतं आणि पाय सरळ होत नाही. पुढं ९० अंश, १०० अंश वाकला तरी सरळ होण्यात ५-१० अंश कमी पडले की चाल लंगडी राहते आणि मांडीचा पुढचा स्नायू सतत राबून थकतो. वाकणं मागाहून येतं. सरळ होणं पहिल्या काही आठवड्यांत मिळवायला लागतं, नंतर ते महाग पडतं.

उशी द्यायची तर टाचेखाली, आणि गुडघ्याखाली मोकळी जागा. त्याच स्थितीत ५-१० मिनिटं, दिवसातून चार वेळा. तपासणी घरीच होते. पाय लांब करून कडक गादीवर पडा, गुडघ्यामागच्या फटीत हाताची बोटं सरकवा. किती बोटं मावतात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा. तीनची दोन, दोनची एक झाली पाहिजेत.

बाकीचा दिवस असा :

पंजे वर-खाली, जागेपणी दर तासाला २० वेळा. रक्त पोटरीत साचू नये म्हणून.

मांडी आवळून गुडघा गादीत दाबायचा, ५ ते १० सेकंद, १० वेळा, दिवसातून ३-४ फेऱ्या. श्वास रोखायचा नाही, मोठ्यानं आकडे मोजा म्हणजे आपोआप रोखला जात नाही.

टाच गादीवरून मागं सरकवायची. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी किंवा पावडर टाकली की घसरते. साधारण दोन आठवड्यांत ९० अंश, सहा आठवड्यांत ११० च्या आसपास, हा मोघम हिशेब. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा.

पाय सरळ ठेवून उचलायचा, पण उचलताना गुडघा ढिला पडून वाकत असेल तर आधी मांडी आवळण्याचा व्यायाम पक्का करा.

वॉकर : उभं राहून हात सैल सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या सुरकुतीला यावी. उंच वॉकरनं खांदे कानाला लागतात, बुटक्यानं माणूस वाकून चालायला शिकतो. खालचे रबरी बूच दर आठवड्याला उलटून बघा. झिजून धातू उघडा पडला की मोझॅइक फरशीवर पाणी सांडलं तर वॉकर घसरतो. पायपुसणी, गोधड्या, टीव्हीची वायर बाजूला. काठी आली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे दहातले आठ जण उलटं करतात.

जिना : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी दुखऱ्या पायाबरोबर. शुक्रवार पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांचे जिने उभे आणि कठड्याला दोरखंड. तिथं पहिले काही आठवडे खालच्या मजल्यावर पलंग टाकणं सोपं. जमिनीवर बसणं आणि देशी संडास बंद, कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

पोटरी एका बाजूला सुजली, तापली, दाबल्यावर दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर. मालिश करायची नाही. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर १०८. ताप येऊन जखमेतून पाणी किंवा पू यायला लागला तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे, फिजिओकडे नाही.

---

लाल_माती

दोन इचारू का? आमच्या तालमीत पोरगं खांदा धरून बसलं की म्हातारी माणसं म्हणत्यात तेल लावा आणि वढा. घरात पन्नाशीच्या बाईचा हात वर जात न्हाई, तिथंबी तेच. दोन्ही येकच हाय का?

---

गोनिओमीटर

दोन्ही अगदी वेगळं, दादा, आणि ओढणं दोन्हीकडं चूक.

पैलवानाचा खांदा डावात निखळला असेल तर ओढून बसवायचं काम हॉस्पिटलचं. निखळताना हाडाचा तुकडा उडालेला असू शकतो, शीर दबलेली असू शकते. म्हणून आधी एक्स-रे. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथं लष्करी शर्टाला फीत लावतात तिथं, बधिर आहे का ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. झोळीत हात बांधून न्या. एकदा निखळलेला खांदा विशीच्या आतल्या पोरात पुन्हा निखळायची शक्यता मोठी असते, म्हणून नंतर खांद्याच्या आतल्या लहान स्नायूंना महिनोन्महिने काम द्यावं लागतं. दंड-बैठका त्यांची जागा भरत नाहीत.

पन्नाशीतल्या बाईंचा प्रकार म्हणजे आखडलेला खांदा, फ्रोझन शोल्डर. शुगरवाल्यांना जास्त होतो, म्हणून शुगर तपासलेली नसेल तर आधी तपासा. कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा, तोच सगळ्यात आधी अडतो. पाठीमागं हात नेऊन ब्लाउजचं हूक लावता येत नाही, अंबाड्याला हात पोचत नाही. हा आजार तीन टप्प्यांत जातो : आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं कमी पण आखडलेला, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. "दोन महिन्यांत सोडवतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

पहिल्या, रात्री झोपू न देणाऱ्या टप्प्यात जोर लावला की सूज वाढते आणि खांदा आणखी आखडतो. तेव्हा फक्त झुला : टेबलाला चांगला हात टेकून पुढं वाकायचं, दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबू द्यायचा आणि अंग हलवून त्याला हलकं हेलकावायचं. १-२ मिनिटं, दिवसातून ४-५ वेळा. दुखणं उतरलं की लाटणं किंवा काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखऱ्याला बाहेर ढकलणं, भिंतीवर बोटांनी चढणं (पोचलेल्या उंचीवर पेन्सिलीची खूण), पाठीमागं टॉवेल धरून वर ओढणं. शेवटच्या टोकाला १५ ते ३० सेकंद थांबायचं, ३-४ वेळा. हिसका नाही. ठिसूळ हाडांच्या माणसाला कुणी जोरानं ओढलं तर दंडाचं हाड मोडू शकतं.

तेल लावायला हरकत नाही, हात फिरवल्यानं बरं वाटतं. ओढायचं मात्र नाही. अवांतर : फिजिओ म्हणजे पदवीवाला मालिशवाला, ही समजूत अजून आहे. मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. सत्तर वर्षं होऊन गेली.

---

पेठेतला_स्टॉपर

फुटबॉलचं पण सांगा. शाहू स्टेडियमवर सीझनला घोटे मुरगळतात आणि पोरं क्रेप बँडेज बांधून पुढच्या मॅचला उतरतात.

---

गोनिओमीटर

एक्स-रे कधी : मुरगळल्यावर लगेच आणि दवाखान्यात आल्यावरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या बाहेरच्या अगर आतल्या हाडाच्या मागच्या कडेला, टोकापासून ६ सेंटिमीटरच्या आत, हाडावर बोट दाबल्यावर दुखत असेल तर. पायाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचा उंचवटा दुखला तरीही.

हाड शाबूत असेल तर प्लॅस्टर नको. सूज उतरत असतानाच पायाच्या बोटानं हवेत मुळाक्षरं काढा, मग दोन्ही पायांवर टाचा उचला, मग एका पायावर. खरा घोळ पुढं होतो. दुखणं दोन आठवड्यांत जातं आणि तोल परत यायच्या आधी पोरगं मैदानात. लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) ताणली की सांध्याची 'मी कुठं आहे' ही जाणीव मंदावते आणि त्याच घोट्यात पुन्हा मुरगळ होते. एका पायावर ३० सेकंद, मग डोळे मिटून, मग उशीवर, मग कुणी बॉल फेकतंय तो झेलत. दुखऱ्या पायावर चांगल्याइतक्या उड्या जमल्या की वळणं घेऊन पळणं, मग मॅच.

गुडघ्यातली एसीएल ही लिगामेंट तुटून ऑपरेशन झालं असेल तर हिशेब आठवड्यांचा नाही. किमान ९ महिने, आणि मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के झाल्याशिवाय मॅच नाही, कुस्तीही नाही. वस्ताद, मॅनेजर, पेठ, सगळे घाई करतात. आत घातलेला नवा पट्टा पेठेचं ऐकत नाही.

---

रंकाळा_सकाळी_६

व्यायाम करताना किती दुखलं तर थांबायचं? इथं लोक एक तर दुखतंय म्हणून सोडतात, नाही तर दात-ओठ खाऊन करतात.

---

सांधेजोड

० ते १० मध्ये ३ पर्यंत चालू ठेवा. ४-५ चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. त्याच्या वर गेलं, किंवा सकाळी सूज दिसली, तर व्यायाम बंद करायचा नाही, मात्रा निम्मी करायची : वजन कमी, फेऱ्या कमी. स्नायू जड होणं, दुसऱ्या दिवशी अंग आंबणं हे चालायचंच. सांध्यात टोचणं, पायात झिणझिण्या उतरणं, सांधा अडकणं हे चालणार नाही.

ताकदीसाठी ८ ते १२ वेळा, २-३ फेऱ्या, आठवड्यातून ३ दिवस. बाराव्या वेळेला अजून सहज पाच निघत असतील तर वजन वाढवायची वेळ झाली. वर्षभर तोच पाय तेवढाच वर उचलत राहिलं तर स्नायूला काही कारणच उरत नाही वाढायचं. वजन विकत आणायची गरज नाही : अर्धा किलो तांदूळ मोज्यात भरून गाठ मारा आणि घोट्याला बांधा. एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. रबरी पट्ट्यांत रंग कंपनीप्रमाणे बदलतात. सर्रास मिळणाऱ्यांत पिवळी हलकी, मग लाल, हिरवी, निळी. वापराआधी ताणून उजेडात धरा. चीर दिसली तर फेका, तुटलेली पट्टी सरळ डोळ्यावर येते.

रंकाळा तलावावर पहिल्याच दिवशी फेरी मारायला निघू नका. जायला ५ मिनिटं, यायला ५. अर्ध्यावर पाय दुखला तर परतही तेवढंच चालायचं असतं, हे जाताना आठवत नाही.

---

हुपरीकर

कंबरेचा पट्टा दिवसभर लावावा का? एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली चकती फुगलेली) आलंय, लोक घाबरवतात.

---

दोन_पॅड

दुखणं नसलेल्या चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी कित्येकांत बल्ज सापडतो. केस पिकतात तसं. रिपोर्टमधली ओळ आणि तुमची तपासणी जुळते का, हे बघायला लागतं.

पट्टा प्रवासाला, वजन उचलायच्या कामाला, दुखणं उसळलेल्या आठवड्यात. चोवीस तास नाही. पलंगावर पडून राहणंही एक-दोन दिवसांच्या वर नको. हुपरीच्या कामाला सांगायचं तर बूड जमिनीपासून ४-६ इंच उंच करा : जाड पाट किंवा घट्ट घडी केलेली गोधडी. कंबरेचा बाक लगेच कमी होतो. दर अर्ध्या तासानं उठून, कमरेवर हात ठेवून मागं ५-६ वेळा झुका.

पायात कळ जात असेल तर एक खूण लक्षात ठेवा. व्यायामानं कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल तर कंबर जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. कळ खाली उतरत असेल तर तो व्यायाम त्याच क्षणी थांबवा आणि फिजिओला सांगा.

आणि यांत वाट बघत थांबायचं नाही : लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवर ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं. रात्री दोन वाजले असतील तरी मोठं हॉस्पिटल. ताप, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतरची कंबरदुखी, यांत आधी डॉक्टर, मग फिजिओ.

---

अनामिका_राजारामपुरी

बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी थेंबभर सुटते. यात फिजिओचा काही उपयोग असतो का? घरात विचारायची सोय नाही.

---

गोनिओमीटर

असतो, ताई, आणि पहिला उपाय तोच. वायू रोखून धरताना आणि लघवीची धार थांबवताना जे स्नायू आवळतात, ते आत आणि वर ओढायचे. ५ सेकंद धरून ५ सेकंद सैल, १० वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, श्वास मोकळा. खरोखर लघवी करताना धार तोडायचा सराव करू नका. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. किमान तीन महिने द्यायचे. पेल्विक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या या स्नायूंचं) काम करणारी महिला फिजिओ शोधा. फोनवर तेवढाच शब्द सांगितला तरी पुरतो.

---

लाल_माती

लकव्याच्या माणसाला हातात बॉल देत्यात दाबायला. बरोबर हाय का?

---

सांधेजोड

बोटं आधीच घट्ट मिटत असतील तर बॉलनं ती आणखी मिटायला शिकतात. त्याला उघडायचा सराव हवा : तळवा टेबलावर पसरून त्यावर हळूहळू भार देणं. मूठ सैल असेल तर गोष्ट वेगळी, फिजिओला विचारा.

उचलताना लुळ्या बाजूचा हात किंवा काख धरून ओढू नका. त्या खांद्याला स्नायूंची पकड नसते, सांधा खाली सरकतो आणि पुढचे महिनोन्महिने दुखतो. कमरेला धरा. निजलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. टीव्ही, पाण्याचा तांब्या आणि भेटायला येणारे लुळ्या बाजूला ठेवा, म्हणजे मान आणि लक्ष तिकडं वळतं. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ चहा-पाणी देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

---

कसबा_बावडा_७

टाचदुखीवर कुणी बोललं नाही. कापशी पायताण सोडायचं का?

---

दोन_पॅड

सकाळचं पहिलं पाऊल टाचेत सुई टोचल्यासारखं, मग चालून कमी, असं असेल तर तळव्याचा पट्टा ताणलेला आहे. कोल्हापुरी चपलेचा तळ सपाट आणि कडक असतो, पायाच्या कमानीला आधार नाही, टाचेला गादी नाही. बरं होईपर्यंत मऊ तळाचं काहीतरी, घरातही, आणि फरशीवर अनवाणी नको. लग्नाला दोन तास पायताण घातलं तर आभाळ कोसळत नाही.

पायरीच्या कडेला उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. टाच ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, एक दिवस आड. कठडा धरा. अंथरुणातून उतरायच्या आधी बोटं हातानं नडगीकडं ओढून १० सेकंद, १० वेळा.

---

रंकाळा_सकाळी_६

पैशांचं? १० सिटिंगचे आधीच भरा म्हणतात.

---

सांधेजोड

पहिल्या तपासणीनंतर एक-एक सिटिंगचे द्या. दहाचे एकदम भरायचेच असतील तर मधे सोडल्यास उरलेले परत मिळतात का ते लिहून घ्या. सिटिंग म्हणजे किती मिनिटं आणि त्यात फिजिओ स्वतः किती वेळ असतो, हेही विचारा. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये सरकारी दरात फिजिओथेरपीची सोय आहे, गर्दी मात्र धरून चला. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचं फिजिओथेरपी कॉलेजही कोल्हापुरात आहे.

मेडिक्लेम असेल तर ऑपरेशननंतरचा फिजिओचा खर्च पॉलिसीतल्या मुदतीत (बऱ्याच ठिकाणी ६० किंवा ९० दिवस) मागता येतो. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी, तारीखवार पक्की पावती आणि नोंदणी नंबर लागतो. कच्च्या चिठोऱ्यावरचा हिशेब तिथं चालत नाही.

रोज जाणं न परवडणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा जा, पण त्या एका दिवशी नवीन व्यायाम शिकून या आणि फिजिओसमोर करताना मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. छापील कागदावर बाण कुठल्या दिशेला होता, यावरून घरात भांडणं होतात.

---

पेठेतला_स्टॉपर

धाग्याची खूण साठवली. बँडेज बांधून बसलेल्या एकाला लिंक पाठवली आहे. चार पावलं टाकता येतात म्हणतोय, पण बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला दुखतंय.

---

गोनिओमीटर

मग एक्स-रे. आजच, मॅचच्या आधी.